आजोळचा सावकार

प्रत्येक बाजारगावात एक माणूस असा असतो, ज्याला स्वतःच्या वावराच्या धुऱ्याचं भांडण जन्मभर मिटवता येत नाही, पण सुवेझ कालव्याचं मिटवता येतं. पटवाऱ्याकडून नकला आणायला तो पुतण्याला पाठवतो. व्हाइट हाउसला सल्ला मात्र स्वतः देतो. ही माणसं आपसांत खाती वाटून घेतात की काय कोण जाणे, पण मोर्शीच्या माणसाकडे रशिया असला की अंजनगावच्या माणसाकडे हटकून जर्मनी असते. चांदूर बाजारात इंग्लंड-अमेरिका हे जोडखातं बापूसाहेब देशमुखांकडे होतं. त्यातही त्यांच्या अभ्यासाचा विषय एकच: दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेचा माणूस इंग्रजाकडे कोणत्या नजरेनं पाहतो. लोक पाठीमागे त्यांना ‘अमेरिकावाले’ म्हणत. एक दिल्ली सोडली तर बापूसाहेब नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मतांना प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींचा अडथळा नव्हता.

या विषयावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असं ते मानत, आणि त्यात तथ्य होतं. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं. कापसाचे भाव असे चढले की बापूसाहेबांच्या पणज्यानं सागवान आणून वाडा बांधायला काढला. 1865 साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव बसले आणि वाडाही बसला: अडीच मजल्यांवर. तिसऱ्या मजल्याच्या अर्ध्या भिंती आम्ही पाहिल्या तेव्हा त्यांवर पिंपळ उगवला होता.

“माह्या वाड्याचा पाया अब्राहम लिंकननं घातला,” बापूसाहेब सांगत. “खिडक्या-दरवाजे मँचेस्टरनं बसवले. थे युद्ध अजून दोन सालं चाललं असतं तं छप्परई झालं असतं.”

इंग्रजाशी घराण्याची ओळख तर त्याहून जुनी. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं गाविलगड घेतला, आणि पुढे हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. बापूसाहेबांच्या हिशेबी यात आश्चर्याचं काही नव्हतं. “पयले आमच्याइथं परीक्षा देल्ली, मंग तिकडं गेला.”

स्वतः बापूसाहेब अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात इंटरपर्यंत शिकले होते. पुढे कॉलेजचं नाव विदर्भ महाविद्यालय झालं. बापूसाहेबांच्या तोंडी किंग एडवर्डच राहिलं. धोतरावर काळा कोट, उन्हाळ्यात डोक्याला सोला हॅट, हातात नागपूरचा ‘हितवाद’. हा इंग्रजी पेपर मोटारीनं एक दिवस उशिरा येई, म्हणून बापूसाहेबांचं जग आमच्यापेक्षा एक दिवस मागे आणि तरी आमच्यापेक्षा पुढे असे. वाड्यावर बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. इंग्लंडात काय झालं हे ते बीबीसीवर ऐकत आणि त्याबद्दल काय वाटून घ्यायचं हे व्हॉइस ऑफ अमेरिकेवर. दोन्हींची खरखर सारखीच होती.

घरातही दोन देशांचं राज्य होतं. इंग्रजी वस्तू दिवाणखान्यात मांडलेल्या: बंद पडलेलं उभं घड्याळ, चिनी मातीची किटली, राणी व्हिक्टोरियाची तसबीर. माजघरात मात्र सिंगरची शिवणाची मशीन. काकू तिच्यावर गावातल्या बायकांची पोलकी शिवत आणि घरातलं तेल-मीठ त्यातून येई. “पाहा,” बापूसाहेब म्हणत, “इंग्रज शोभेचा, अमेरिकन कामाचा.” एकदा आम्ही पोट्ट्यांनी मशीन पुसताना वाचलं, तर पट्टीवर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं नाव निघालं. कंपनी अमेरिकेची, मशीन तिकडची. बापूसाहेब क्षणभरही डगमगले नाहीत. “म्हंजे पैसा मामाचा अन् घाम भाच्याचा.”

मामा-भाचे हा त्यांच्या साऱ्या सिद्धांताचा कणा. चर्चिलची आई जेनी जेरोम ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची. पुढे पंतप्रधान झालेल्या हॅरल्ड मॅकमिलनची आईही अमेरिकेतल्या इंडियानाची. तेव्हा अमेरिका हे इंग्लंडचं आजोळ आहे, हे बापूसाहेबांच्या मते कोर्टात टिकण्याजोगं सिद्ध झालं होतं. आजोळी भाच्याचे लाड होतात, त्याला पाटावर बसवतात, आणि तो परत निघाला की मामी मामाला विचारते, ‘यावेळी किती मागून गेला?’ युद्धानंतरच्या सगळ्या इतिहासाकडे बापूसाहेब या मामीच्या डोळ्यांनी पाहत.

या व्याख्यानांची जागा म्हणजे बाजारातली चहाची कँटीन. पहिलं व्याख्यान नेहमी कर्जाचं. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आला आणि आठवडा उलटायच्या आत अमेरिकेच्या अध्यक्षानं, ट्रुमननं, इंग्लंडला उधारीवर चाललेला माल बंद केला. इंग्रजांनी आपला सगळ्यात हुशार माणूस, जॉन मेनार्ड केन्स, वॉशिंग्टनला पाठवला. त्याला वाटलं होतं, दोघं मिळून लढलो, आपण तर दोन वर्षं आधीपासून लढत होतो, तेव्हा आता मामा बक्षीस देईल. मामानं कागद पुढे केला: 375 कोटी डॉलर, व्याज शेकडा दोन, फेड पन्नास वार्षिक हप्त्यांत.

“शेकडा दोन?” कँटीनवाला कढईतून मान वर न करता म्हणाला. “मंग बराबरच हाये. आपल्याइथंई दोनच चालते.”

“अबे, महिन्याचे नोहे. सालाचे!”

झारा थांबला. भजे करपायला लागले तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

“सालाचे दोन? अन् पन्नास सालं?” बाकावरचा एक कास्तकार उठून उभा राहिला. “बापूसाहेब, त्या सावकाराच्या नावानं मले एक चिठ्ठी देता काय?”

“म्हनूनच सांगतो, थो सावकार नोहे. मामा हाये.”

कोपऱ्यात एक बुढा बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, “मामा असता तं व्याज घेतलं असतं काय?”

बापूसाहेबांनी चहाचा मोठा घोट घेतला. त्या बुढ्यानं एका वाक्यात जे विचारलं, तेच लंडनमध्ये कर्ज मंजूर करताना पार्लमेंटच्या सभासदांना वाटत होतं आणि त्यावर तिथं दिवसचे दिवस भाषणं झाली होती.

वॉशिंग्टनमध्ये उलटी तक्रार. तिथल्या काँग्रेसमध्ये काही जण म्हणत होते की या लोकांना पैसे द्यायचे कशाला? घरात मजूर पक्षाचा समाजवाद, बाहेर साम्राज्य. दोन्ही आपल्या पैशावर! अशात 5 मार्च 1946 ला चर्चिल आजोळी गेला. तेव्हा तो सत्तेतही नव्हता. मिसुरी राज्यातल्या फुल्टन गावी, ट्रुमन शेजारी बसलेला असताना, त्यानं पोलादी पडद्याचं ते भाषण केलं.

“भाचा मामाच्या वट्ट्यावर उभा राहून बोलला,” बापूसाहेबांची आवृत्ती अशी होती, “का मामा, माह्यं सोड, पन थो रशियावाला आपल्या दोघाइचाई धुरा कोरून राह्यला. मंग कुठं मामानं कंबरेची गाठ सोडली.” जुलैमध्ये कर्ज मंजूर झालं. त्याच जुलैत इंग्लंडात पावावर रेशन आलं, जे युद्धाच्या सहा वर्षांतही आलं नव्हतं. जिंकलेल्या माणसाला पाव मोजून मिळतो, हे ऐकून कँटीन हळहळली. इंग्रज जाऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती, पण वऱ्हाडी माणूस दारिद्र्याच्या बाबतीत जुनं वैर धरत नाही.

हळहळ टिकली नाही. कारण दुसरं व्याख्यान स्टर्लिंग शिलकेचं होतं. युद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातून धान्य, कापड, माणसं, सारं उचललं आणि किंमत लंडनच्या वहीत आपल्या नावावर जमा दाखवली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही शिल्लक सुमारे दीड हजार कोटी रुपये होती.

“म्हंजे साहेब आपलाई देनदार हाये?” कँटीनवाल्याचा आवाज बदलला. त्याच्याकडे उधारीची वही होती आणि तिच्यातलं पहिलं पान बापूसाहेबांचंच होतं.

“हाये म्हंजे! मानशी हिशेब केला तं चाळीस-पंचेचाळीस रुपये निंगतेत.”

बिडीवाला बुढा हात पुढे करून बसला. “माह्ये द्या. बुढीचेई धरा, नव्वद.”

बापूसाहेबांनी समजावलं की तसे मिळत नाहीत, हप्त्याहप्त्यानं सोडतात. अमेरिकेनं कर्जाला अट घातली होती की पौंड कुणालाही डॉलरमध्ये बदलून मिळाला पाहिजे. 15 जुलै 1947 पासून तसा मिळू लागला. ज्याच्या-ज्याच्या हातात पौंड होता तो डॉलर घ्यायला धावला, आणि 20 ऑगस्टला इंग्रजांनी खिडकी बंद केली. दरम्यान आपण झेंडे लावत होतो. पुढे 18 सप्टेंबर 1949 ला पौंड 4 डॉलर 3 सेंटांवरून 2 डॉलर 80 सेंटांवर आला, आणि मागोमाग रुपयाही तेवढाच खाली उतरला. “आजारी थो पडला,” बुढा म्हणाला, “एरंडेल आपुन पेलो.”

आता या चित्रात दुसरा माणूस आणला पाहिजे, नाहीतर बापूसाहेब अर्धेच कळतील. हा माणूस म्हणजे शेठ. त्याचा बाप बापूसाहेबांच्या वाड्यावर सालदार होता. पोरगा लहानपणी वाड्याच्या गोठ्यात शेण काढी. मोठा झाल्यावर त्यानं सालदारकी नाकारली, संत्र्याचे बगीचे बहारावर घेऊन माल नागपूरला न्यायला लागला, मग आडत काढली, मग ट्रक. युद्धाच्या काळात इतरांचं होतं ते गेलं, याचं नव्हतं ते आलं. तोवर बापूसाहेब त्याला ‘अबे’ म्हणत. मुलीच्या लग्नासाठी मळ्यावर पैसे उचलले त्या दिवसापासून ‘शेठ’ म्हणायला लागले. व्याज शेकडा दोन. महिन्याचे की सालाचे, हे दोघांनीही कधी चारचौघांत सांगितलं नाही.

शेठ वाड्यावर आला की चपला बाहेर काढी, खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसे आणि ‘मालक’ म्हणूनच बोले. मात्र मळ्यात यंदा आंबिया बहार धरायचा की मृग, झाडं कोणत्या महिन्यात ताणावर सोडायची, कपाशीचं वावर कुणाला ठोक्यानं द्यायचं, हे सतरंजीवरून ठरे आणि खुर्चीवरून मंजूर होई. शेठनं ॲटली, बेव्हिन, ट्रुमन यांची नावं ऐकली होती ती बापूसाहेबांकडूनच. पण अमेरिका इंग्रजाकडे कोणत्या नजरेनं पाहते, हे बापूसाहेबांनी जन्मभर वाचलं आणि शेठनं न वाचता केलं.

1953 च्या उन्हाळ्यात त्याचा पुरावा मिळाला. 2 जूनला लंडनमध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. अमेरिकनांना त्याचं एवढं वेड लागलं की समारंभाच्या फिल्मा विमानांतून समुद्रापार नेऊन आधी कोण दाखवतो यासाठी त्यांच्या टेलिव्हिजन कंपन्यांत शर्यत लागली. ज्यांनी 1776 साली याच गादीला रामराम ठोकला होता, ते राणीचा मुकुट पाहायला खुर्च्या ओढून बसले. एका कंपनीनं तर कार्यक्रमाच्या मधेमधे आपला नेहमीचा चिंपांझी दाखवला, आणि इंग्लंडात त्यावरून मोठा संताप झाला.

बापूसाहेबांना हे कोडं सुटेना. “हसतेत बी अन् पूजतेत बी! पाव मोजून खानाऱ्याचा मुकुट कायले पाह्यतेत?”

त्याच हंगामात शेठच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाडी अमरावतीचे, नवश्रीमंत. शेठ स्वतः वाड्यावर आला. “मालक, एक इनंती हाये. कोट-फेट्यात या, सोन्याची साखळीवालं घड्याळ लावून. पयल्या रांगेत मधली खुर्ची तुमची.” घड्याळ शेठकडेच गहाण होतं, ते त्यानं त्या दिवसापुरतं आणून दिलं. लग्नात बापूसाहेब मधोमध बसले, व्याही त्यांच्या पाया पडले, आणि शेठनं ओळख करून दिली, “हे आमचे मालक.” त्यांच्या डोक्यावर मंडपाला शेठच्या आडत दुकानाचा फलक टांगला होता. फोटोत दोन्ही स्पष्ट आले. घड्याळ दुसऱ्या दिवशी परत गेलं. बापूसाहेबांना अमेरिकेचं कोडं त्यानंतरही सुटलं नाही. मंडपातल्या बाकी सगळ्यांना सुटलं होतं.

पण बापूसाहेबांच्या अभ्यासाचा खरा कळस 1956 चा नोव्हेंबर. वाड्याच्या मळ्यातून एक पाट खालच्या वावरात जाई. खालचं वावर वडिलांनीच विकलेलं. पाट मात्र आपला, असं बापूसाहेबांचं मत. उन्हाळा सरता सरता खालच्या मालकानं पाटाचं बारं आपल्या ताब्यात घेतलं आणि सांगितलं, पाणी कधी सोडायचं ते मी ठरवीन. गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले. बापूसाहेबांचे दोन साळे आले होते. एक तापट, एक त्याहून तापट. तिघं काठ्या घेऊन पाटावर गेले, अर्धा पाट ताब्यातही घेतला. तेवढ्यात शेठ सायकलीवरून आला. भांडला नाही, ओरडला नाही. म्हणाला, “मालक, काठ्या कोठीत ठिवा. नाई तं बहाराची उचल आज संध्याकाळी वापस पायजे.” संध्याकाळ व्हायच्या आत काठ्या कोठीत गेल्या. साळे दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत.

त्याच आठवड्यात बापूसाहेब कँटीनमध्ये सुवेझ समजावून सांगत होते. इजिप्तच्या नासरनं जुलैत कालवा ताब्यात घेतला; इस्राएल, फ्रान्स आणि इंग्लंड यांनी संगनमत करून हल्ला केला; कालव्याच्या तोंडाशी सैन्य उतरलंही. आणि अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर गोळी न झाडता उभा राहिला. पौंड घसरत होता, वाचवायला डॉलर हवे होते, आणि अमेरिकेनं कळवलं की आधी लढाई थांबवा, मग पैशाचं बोलू. 6 नोव्हेंबरला इंग्रजांनी हात वर केले.

“अर्धा घेतलाई होता!” बापूसाहेब कळवळून म्हणाले. “पाच-सात दिवस अजून भेटले असते...”

“कोनता पाट?” बुढ्यानं विचारलं.

“सुवेझ!” बापूसाहेब गरजले.

सारी कँटीन बशीत तोंड घालून चहा पीत राहिली. त्याच महिन्याच्या 1 तारखेला आमचा अमरावती जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता; त्याची चर्चा सुवेझ आटोपल्यावर झाली.

बापूसाहेबांच्या एकुलत्या एका मोठ्या प्रवासाचं श्रेय पंजाबराव देशमुखांना. आमच्याच जिल्ह्यातल्या पापळचा हा माणूस, ऑक्सफर्डचा डॉक्टर, दिल्लीत कृषिमंत्री. त्यांच्या पुढाकारानं 1959 च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, आणि 11 तारखेला उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांबरोबर स्वतः आयझेनहॉवर हजर. बापूसाहेब आणि शेठ एकाच डब्यातून गेले. तिकिटं शेठनं काढली, वाटेतल्या गावांचा इतिहास बापूसाहेबांनी सांगितला. युद्धाच्या काळात मॅकमिलनचं म्हणणं असे की अमेरिकन हे नवे रोमन आणि आपण इंग्रज जुने ग्रीक. त्यांचा कारभार आपण मागे राहून शहाणपणानं चालवावा. भोपाळ ते झाशी शेठनं हा ग्रीक शहाणपणा ऐकला आणि झाशीला पुऱ्या घेतल्या.

प्रदर्शनात अमेरिकेचा मंडप सोनेरी घुमटांचा. बापूसाहेबांनी गर्दीत टाचा उंचावून आयझेनहॉवरची टोपी पाहिली आणि चांदूरला आल्यावर तिच्यावर तीन संध्याकाळी काढल्या. शेठ मंडपात एकच गोष्ट विचारत फिरला: फळ किती दिवस टिकतं आणि पेटी कशी भरता. भाषा येत नव्हती, म्हणून खिशातून संत्रं काढून दाखवी. बापूसाहेबांना त्याची लाज वाटली. पुढल्या बहाराला शेठच्या पेट्यांत गवत जास्त आणि नासाडी कमी झाली.

असा हा अमेरिकेचा कट्टर माणूस एका दिवसात फिरला. 1962 चा डिसेंबर होता. चीननं युद्ध थांबवून दोन आठवडे झाले होते आणि कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. बापूसाहेब ‘हितवाद’ गुंडाळून आले, बसले नाहीत. ट्रुमनचा जुना परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन 5 तारखेला वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत बोलून गेला होता की ब्रिटननं साम्राज्य घालवलं आणि करायला दुसरं काम त्याला अजून सापडलेलं नाही.

“असं भर सभेत बोलतेत काय?” बापूसाहेबांचा आवाज कापत होता. “अन् बोलला कोन? ज्याचा बाप इंग्लंडात जन्मला थो!”

आयुष्यात पहिल्यांदा ते इंग्रजाच्या बाजूनं बोलत होते. मॅकमिलननं उत्तर दिलं होतं, की असाच समज स्पेनच्या फिलिपनं, चौदाव्या लुईनं, नेपोलियननं, कैसरनं आणि हिटलरनं करून घेतला होता. बापूसाहेबांनी पाचही नावं बोटांवर मोजली, दोनदा मोजली. बाकावर शेठ होता. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, “पन मालक, त्यानं खोटं काय सांगतलं?”

“खोटं नाई सांगतलं. खरं हाये म्हनून तं घरात सांगाव!”

शेठ काही बोलला नाही. त्या दिवशी बापूसाहेबांनी सगळ्या कँटीनचा चहा आपल्या नावावर लिहायला सांगितला, आणि कँटीनवाल्यानं तो लिहिला. इंग्लंडची बाजू घेणं कसं महाग पडतं, हे त्याच्या वहीवरून कुणालाही दिसलं असतं.

त्यानंतर बापूसाहेबांची अमेरिका थोडी मवाळ झाली. अमेरिकन वकिलातीचं ‘स्पॅन’ मासिक वाड्यावर येऊ लागलं होतं. बापूसाहेब त्यातले मोटारींचे फोटो पाहत आणि काकू त्या गुळगुळीत कागदाची नातवांच्या वह्यांना कव्हरं घालीत. 1965-66 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आला. अध्यक्ष जॉन्सन तो जहाजा-जहाजानं, हात आखडून सोडत होता. काकूंनी पहिली पोळी ताटात वाढली. बापूसाहेबांनी ती ताणून पाहिली.

“आता आपुनई आजोळी आलो,” ते म्हणाले.

“आजोळी आले तं मुकाट्यानं खा,” काकू म्हणाल्या. “मामीनं वाढलं थे पोरं बोलून नाई दाखवत.”

साऱ्या सिद्धांताला मिळालेलं हे एकमेव खणखणीत उत्तर, आणि ते माजघरातून आलं.

बापूसाहेब गेले तेव्हा वाड्याचा खालचा मजलाच उभा होता. मळ्यावरचं मुद्दल तसंच होतं. शेठनं व्याज बहारात वळतं करून घेतलं असेल, पण मुद्दल कधी मागितलं नाही. उलट बापूसाहेबांनी एकदा एक बगीचा विकून सारं फेडून टाकायचं ठरवलं, तेव्हा शेठच घाबरला. “राहू द्या ना मालक, एवढी काय घाई हाये? तुमी कुठं पळून चालले काय?” गावात याचा अर्थ मोठेपणा असा लावला. शेठच्या पाच मुलांची लग्नं झाली आणि पाचही फोटोंत मधल्या खुर्चीवर बापूसाहेब आहेत.

2006 सालचा डिसेंबर सरत होता. ब्रिटननं अमेरिकेच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता 29 तारखेला भरला, आठ कोटी डॉलरांहून थोडा जास्त. मधली सहा वर्षं हप्ते पुढे ढकलले होते, म्हणून पन्नास वर्षांचे हप्ते इतके लांबले. शेठ तेव्हा नातवाच्या दुकानात गादीवर बसून असे, डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी त्याला बातमी वाचून दाखवली. त्यानं रक्कम दोनदा विचारली.

“सारं फेडलं? मुद्दल बी?”

“सारं.”

“मंग आता मधल्या खुर्चीवर त्याले कोन बसवीन?” शेठ म्हणाला आणि डोकं हलवत राहिला. “आमच्या बापूसाहेबानं असा येडेपना नाई केला.”